ताईच्या हातचा नकाशा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वृषालीला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून लपवलेलं माझ्याकडे दुसरं काही नाही, एवढं एकच. तुम्ही आलात ते दुकानाबद्दल विचारायला, दिल्लीतल्या या द्वारकेत सुरुवातीला राहायला आलेल्या मराठी लोकांच्या आठवणी जमवताय म्हणालात, आणि मी दोन दिवस तुम्हाला झेरॉक्स मशीनच्या आणि पाण्याच्या टँकरच्या गोष्टी सांगत बसलो. त्या खऱ्याच आहेत. पण काल जाता जाता तुम्ही भिंतीवरच्या त्या जगाच्या नकाशाकडे बोट करून म्हणालात, हेच नकाशे एवढे का खपायचे हो तुमच्याकडे, आणि मी काहीतरी हसून वेळ मारून नेली, आणि मग घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. तर आज सांगतो. मला सरळ सांगता येणार नाही, इकडेतिकडे जाईन, तुम्ही येईल तसं लिहून घ्या.

आम्ही मूळचे वाईचे. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून होते, आणि आमचं सगळं लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी एकीकडे बंगाली, एकीकडे मद्रासी, वर पंजाबी, त्यामुळे दाराच्या आत मराठी आणि जिन्यात हिंदी. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं नाव शुभदा, पण मी आयुष्यात तिला नावाने हाक मारलेली नाही. शाळा आमची पहाडगंजात, मराठी, बसने जायला लागायचं, आणि ताई बसमध्ये माझा हात नाही धरायची, मनगट धरायची. म्हणायची, हात घामाने सुटतो, मनगट सुटत नाही. आता एवढा मोठा झालो तरी कधी गर्दीत उभा असलो की ते मनगट दुखतं, खरं सांगतो.

वडिलांच्या ऑफिसात परदेशी मासिकं यायची, आणि जुनी झाली की रद्दीत जाण्याआधी एखाददुसरं ते घरी आणायचे. त्यात कुठे जगाचा नाहीतर आपला नकाशा असला की त्यावर शिक्का मारलेला असायचा, काळ्या शाईचा, की यात दाखवलेल्या भारताच्या सीमा बरोबर नाहीत. वडील आम्हाला दोघांना बसवून दाखवायचे, हे बघा, शिक्का दिसला की समजायचं, बाहेरच्यांनी आपलं काश्मीर तोडलंय. मी आपला बघायचो आणि पान उलटायचो. ताई पेन्सिल घ्यायची आणि तो तोडलेला भाग परत काढायची, त्या शिक्क्यावरूनच. आई म्हणायची, अगं ते मासिक साहेबाला परत द्यायचं असलं तर? ताई म्हणायची, मग त्यांनाही बरोबर नकाशा मिळेल की.

तिने मला नकाशा काढायला शिकवलं ते बाल्कनीत, खडूने. डोकं, म्हणजे काश्मीर, आधी काढायचं. हे तिचं ठरलेलं. वरून सुरू करायचं, डोकं, मग खांदे, मग दोन्ही कुशी, मग खाली निमुळतं होत जायचं. मी काय करायचो, गुजरातपासून सुरू करायचो, कारण ते मला सोपं वाटायचं, आणि वर जाईपर्यंत भिंत यायची, डोक्याला जागाच उरायची नाही. ताई पायाने सगळं पुसायची. म्हणायची, अरे गधड्या, मुंडकं कुठे बसवणार आता, श्रीलंकेत? काढ परत. डोकं आधी. हे मी एवढं का सांगतोय ते पुढे कळेल तुम्हाला.

तर ताई भूगोल घेऊन शिकली, बी.एड. झाली, लग्न झालं, भाऊजी बँकेत. मी पहाडगंजात एका खाजगी छापखान्यात लागलो, आधी अक्षरांचे खिळे जुळवले, मग कंप्युटर आला तेव्हा त्यावर बसलो, आणि मग जसजसे सगळीकडेच कंप्युटर आले तसतसं छापखान्यातलं काम आटत गेलं. ते दिवसच तसे होते. सगळं खुलं झालं म्हणायचे, नोकऱ्या खुल्या झाल्या, बाजार खुला झाला, आमचा छापखाना मात्र बंद झाला. वडील रिटायर झाले, क्वार्टर सोडायला लागलं, पण त्यांनी फार आधी एका सोसायटीत नाव घातलेलं होतं, तो फ्लॅट कसाबसा द्वारकेत मिळाला. ताई-भाऊजीही पुढे द्वारकेतच आले, दोन सेक्टर सोडून. तेव्हा इथे काय होतं, वारा आणि धूळ. मेट्रो नव्हती. मोठाले रस्ते, त्यावर माणूस नाही, आणि संध्याकाळी बाल्कन्यांमध्ये चारदोन दिवे. मी सेक्टरच्या मार्केटात हा गाळा घेतला, झेरॉक्स मशीन, एक कंप्युटर, एक प्रिंटर आणि ते कर्कश ओरडून लागणारं इंटरनेट. वडिलांना पसंत नव्हतं. म्हणाले, सरकारी नोकराचा मुलगा दुकानात बसणार? ताई म्हणाली, बाबा, त्याच्या हातात कला आहे, बसू दे. हात तिचा चांगला होता, माझा नव्हे, पण म्हणाली.

आणि तिनेच मला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं. ती इथल्याच एका खाजगी शाळेत भूगोल शिकवायची. शाळेचं नाव नको. प्रिन्सिपल मॅडमकडे शब्द टाकून शाळेचं झेरॉक्सचं काम तिने माझ्याकडे आणलं. शाळेत तिचं नाव होतं. फळ्यावर नकाशा न बघता काढायची, सहा मिनिटांत, अख्खा, आणि मुलं घड्याळ लावून बसायची.

सहामाही परीक्षेत नववीला जगाचा नकाशा द्यायचा होता, देशांच्या सीमा असलेला, नावं नसलेला. ताईने सर्व्हे ऑफ इंडियाच्या अधिकृत नकाशावर बटर पेपर ठेवून, शाईने, चार संध्याकाळी बसून तो ट्रेस केला. गुंडाळी करून घेऊन आली, म्हणाली, जपून हं, याला घडी पाडू नकोस. माझ्याकडे तेव्हा स्कॅनर नव्हता. स्कॅन करायचं म्हणजे नेहरू प्लेसला जायचं, दोन बस बदलून, अख्खा दिवस. ती गुंडाळी थेट झेरॉक्सच्या काचेवर ठेवली असती तर कागद मोठा होता, दोन तुकड्यांत आला असता. मी दोन दिवस उद्या जाऊ, उद्या जाऊ केलं. कंटाळा. दुसरं काही नाही, मला कारण मोठं करून सांगता येईल पण कारण कंटाळाच होता. आणि तिसऱ्या दिवशी मी इंटरनेटवर शोधलं, प्रिंट करता येण्याजोगा जगाचा नकाशा, फुकट, आणि काय सांगू तुम्हाला, एक क्षणभर मला जादू वाटली, एका कागदावर अख्खं जग, स्वच्छ रेघा, कुठे शाईचा डाग नाही. मी बघितलं, दोन्ही अमेरिका मावतात का. बघितलं, ऑस्ट्रेलिया कापला जात नाही ना. आपला देश मी बघितलाच नाही. जगाच्या नकाशात तो असतो अंगठ्याच्या नखाएवढा, आणि तो काय बघायचा, तो तर माहीतच आहे. इंटरनेटवरच्या नकाशावर शिक्का कोण मारणार?

झेरॉक्स काढल्या, गठ्ठे बांधले. ताईने वरचा एक कागद उचलून बघितला, चष्मा न लावता, घाईत, वर्गावर जायचं होतं. म्हणाली, अय्या, किती साफ आलंय रे. मी म्हटलं, कंप्युटरवर साफ केलं. हे पहिलं खोटं. तेव्हा ते खोटंसुद्धा वाटलं नव्हतं.

परीक्षा झाली. एका मुलाचे आजोबा फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी नातवाचा नकाशा बघितला. डोकं नव्हतं. म्हणजे होतं, पण वरचा भाग तुटक रेघेने कापलेला, अर्धा तिकडे, अर्धा इकडे. ते गृहस्थ ओरडले वगैरे नाहीत, मला ताईने सांगितलं. शांतपणे प्रिन्सिपल मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला, आणि म्हणाले, मॅडम, मेरे तीन साथी वहाँ से वापस नहीं आये, और आपके स्कूल में वो जगह ही नहीं है. बस. मग पालकांची बैठक, मग कुणीतरी म्हणालं, चुकीचा नकाशा छापणं गुन्हा आहे, पोलिसात द्या.

ताई दुकानात आली ती दुपारी. या इथेच, या स्टुलावर बसली. तो कागद तिच्या हातात होता. तिने मला विचारलं, तू माझाच घेतलास ना रे? मला पोलिस दिसत होते. मला दुकानाला कुलूप दिसत होतं, कंप्युटर उचलून नेलेला दिसत होता, आणि वडील दिसत होते, सांगितलं होतं की नाही तुला म्हणणारे. मी म्हटलं, हो ताई. तुझाच. ती म्हणाली, मग मूळ कागद दे, शाळेत दाखवायचाय, मी असं कसं काढीन? मी म्हटलं, अगं तो स्कॅन करून झाल्यावर फाटला, रद्दीत गेला. गुंडाळी माझ्या गुडघ्याला लागून खालच्या खणात होती. खण अर्धा उघडा होता. मी गुडघ्याने बंद केला.

मग ती तो कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत बसली. बोट फिरवलं त्या नखाएवढ्या जागेवर. म्हणाली, डोकं तर मी आधी काढते. नेहमी आधी काढते. मग असं कसं झालं? आणि मग म्हणाली, चार संध्याकाळी बसले होते, दमले असेन. चष्म्याचा नंबर वाढला असेल. वय झालं का रे माझं? ती चव्वेचाळीस वर्षांची होती. एवढ्यात देशपांडे आजी आल्या, आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, बाळा, दोन झेरॉक्स, आणि मी उठलो आणि त्यांच्या झेरॉक्स काढल्या. चांगल्या निगुतीने काढल्या, कडा जुळवून. वळलो तेव्हा ताई निघून गेली होती.

तिने शाळेला लिहून दिलं. नकाशा मी स्वतः ट्रेस केला, चूक पूर्णपणे माझी आहे, छपाई करणाऱ्याचा यात काही दोष नाही. हे शेवटचं वाक्य तिला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. भाऊजींनी मला नंतर सांगितलं, हसत, की तुझी बहीण वकीलच आहे तुझी. प्रकरण तिथे मिटलं. तिला भूगोलावरून काढून लायब्ररीत बसवलं, आणि वर्ष संपल्यावर तिने राजीनामा दिला. म्हणाली, मुलं अजून घड्याळ लावून बघतात मला, बदली तासाला फळ्याजवळ गेले की.

शाळेचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं.

पुढचं ऐका. त्या भीतीने मी ठरवलं की आपल्याकडे आपला एक बरोबर नकाशा पाहिजे. आणि मी ती गुंडाळी घेऊन नेहरू प्लेसला गेलो. त्या वेळी गेलो. दोन बस बदलून. स्कॅन केलं, रेघा स्वच्छ केल्या, रंग भरले, नावं घातली. अधिकृत नकाशा आणून काचेवर एकावर एक धरून बघितलं, खालून ट्यूब लावून. रेघेवर रेघ पडत होती. कुठे सुईएवढा फरक नाही. त्याच दिवशी दोन सेक्टर चालत ताईकडे जायचं होतं. गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं.

तर तुम्ही जो भिंतीवर बघितलात तो ताईच्या हातचा नकाशा आहे. सोळा वर्षं मी तोच विकला. का खपायचे विचारलंत ना, अहो, बरोबर होता म्हणून खपायचा. पाच शाळा न्यायच्या, कुणाची तक्रार नाही. मुलं यायची, अंकल, वर्ल्ड मॅप, पॉलिटिकल, कल प्रोजेक्ट है. गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये लागलेल्या पोरी यायच्या, त्यांना तो वेळांच्या पट्ट्यांसकट लागायचा, एक होती ती इथेच उभी राहून अमेरिकेतली गावं पाठ करायची, म्हणायची, भैया, जहाँ मैं गुड मॉर्निंग बोलती हूँ वो जगह कम से कम देख तो लूँ. एक मुलगा आला, तिसऱ्यांदा व्हिसा नाकारलेला, म्हणाला, यार, अमेरिका हटाके प्रिंट हो सकता है क्या? मी खरंच काढून दिला, तिथे नुसता समुद्र. दोन महिन्यांनी पेढे घेऊन आला, वापस डाल दो अंकल, मिल गया. देशपांडे आजी त्यावर टिकल्या लावायच्या, लाल टिकली मुलगा, हिरवी मुलगी, छोट्या छोट्या नातवंडांच्या. मुलांनी नोकरी बदलली की टिकली उपटायला लागायची आणि खाली डिंकाचा डाग राहायचा, मग नवा नकाशा. म्हणायच्या, बाळा, तुझ्या नकाशात सगळी माझी माणसं नीट बसतात. बिघडलेले कागद वृषाली घरी न्यायची, फळ्यांवर अंथरायला. आमच्या स्वयंपाकघरात डाळीचे डबे आफ्रिकेवर आणि मिठाची बरणी रशियात. मी चहाला साखर घ्यायला गेलो तरी ताईची रेघ समोर.

आणि ताईने हात आखडला तो आखडलाच. दिवाळीला ठिपक्यांची रांगोळी काढायची, हातभर, इथल्या पंजाबी बायका बघायला यायच्या. ती बंद. चिकटवायची रांगोळी आणते बाजारातून. तिची सई सातवीत होती, तिला नकाशा लागला शाळेत, तर ताईने तिला माझ्याकडे पाठवलं. सई म्हणाली, मामा, आई म्हणते तुमच्या कंप्युटरवरून काढून द्या, माझ्या हातचा नको. मी दिला तिला. आईच्याच हातचा दिला. ती नाचत घेऊन गेली.

कधी सांगितलं नाही का? सांगायला निघालो होतो. वडील गेले तेव्हा, तेराव्याला. सगळे बसले होते आणि ताईच म्हणाली, बाबा ते शिक्के दाखवायचे आठवतं का, आणि मीच शेवटी तसला नकाशा काढला, बरं झालं बाबांना कुणी सांगितलं नाही. माझं तोंड उघडलं होतं, वृषालीला वाटलं मला रडू येतंय, तिने पाठीवर हात ठेवला. लोकांना वाटतं माणूस गप्प असतो म्हणजे शांत असतो. मी दमलोय, बाकी काही नाही. सोळा वर्षं एक खण गुडघ्याने बंद धरून बसलं की माणूस दमतो.

आता गेल्या महिन्यातलं. दुकान बंद करतोय हे तुम्हाला माहीतच आहे. हल्ली घराघरात प्रिंटर, नाहीतर सगळं मोबाइलवर, नकाशा कोण विकत घेतो? ताई आली. साठी झाली तिची, केस सगळे पांढरे. सई नवऱ्याबरोबर कॅनडात गेली, तिला मुलगी झाली. ताई म्हणाली, मला एक मोठा नकाशा दे रे भिंतीवर लावायला, बंद करायच्या आधी. आजी झाले, मलाही टिकली लावायचीय. मी भिंतीवरचा असतो तसा एक मोठा काढून दिला. तिने तो काउंटरवर पसरला. चष्मा वर केला, खाली केला. बोट थेट तिथेच गेलं, त्या नखाएवढ्या जागेवर, आणि तिने मला विचारलं, जरा तू बघ ना, डोकं बरोबर आहे ना? मला आता कळत नाही रे. माझ्यावर नको विसंबू.

मी बघितलं. म्हटलं, बरोबर आहे. ती म्हणाली, कुणी काढलाय, फार छान हात आहे. रेघ बघ कशी न तुटता आलीय.

मी म्हटलं, कंपनीचा असतो ताई, तयार येतो.

म्हणजे त्या दिवशीसुद्धा. साठ वर्षांची बाई माझ्यासमोर स्वतःच्या हाताचं कौतुक करत होती आणि मी तेही तिच्याकडून काढून घेतलं. तिने नकाशा गुंडाळला, म्हणाली, चल, येते, तू जेवायला ये रविवारी, वृषालीला घेऊन, आळूचं फदफदं करते. आणि दारात थांबून म्हणाली, बरं का, दुकान चांगलं चालवलंस हं तू, बाबांना पटलं असतं.

दोन रविवार गेले. वृषाली विचारते, जायचं नाही का वन्सींकडे, मी काहीतरी कारण सांगतो. गुंडाळी ही आहे, बघा. हात लावा, काही होत नाही, पिवळी पडलीय पण घडी नाही कुठे. कोपऱ्यात तिचं अक्षर आहे, शु, आणि खाली तिने बारीक पेन्सिलीने लिहिलंय, डोकं तपासलं, दोनदा. हे मी तेव्हाही वाचलं होतं.

तुम्ही हे छापणार असाल तर छापा, नाव बदलू नका म्हणणार होतो पण ताईचं बदला. आणि थोडं थांबा. तिने हे पुस्तकात वाचायला नको, माझ्या तोंडून ऐकायला हवं. मी तिच्याकडे माफी मागायला जाणार असं म्हणत नाही, माफी तिच्याकडची आहे, ती द्यायची की नाही तिने ठरवावं. माझ्याकडचं वेगळं आहे. हा कागद तिचा आहे, तो तिला द्यायचा राहिलाय. आणि एक वाक्य द्यायचं राहिलंय, की ताई, तुझा हात चुकला नव्हता, मी चुकलो.